रोजच्या कामांसाठी माइंड मॅपचं अ‍ॅप बनवताना: चाळीस आठवड्यांची नोंद

१२ जानेवारी २०२५, रविवार. मी जमिनीवर मोठा कागद पसरला आणि त्याच्या मधोमध ‘मी’ असं लिहिलं. त्या कागदातून निघालेलं, कामं यादीऐवजी फांद्यांच्या नकाशात मांडणारं अ‍ॅप १९ ऑक्टोबरला स्टोअरवर आलं. मधले ४० आठवडे नोकरी सांभाळून, रात्री साडेनऊ ते अकरा, असं काम केलं. वहीत टिपलेले तास ४१० भरले. सुरुवात करताना मी बरंच शोधलं होतं. कोड कसा लिहायचा हे सांगणारं खूप सापडलं. पण आठवडे नेमके कुठे खर्ची पडतात आणि कोणता निर्णय आधी घेतला तर पुढचा त्रास वाचतो, हे क्रमानं सांगणारं काही हाती लागलं नाही. माझ्यासारखं एकटीनं किंवा एकट्यानं हे करू पाहणाऱ्यांसाठी ही नोंद.

मुळात हे का करावंसं वाटलं? माझ्या फोनमधल्या कामांच्या यादीत तेव्हा ६३ कामं होती आणि मी ती यादी उघडणंच सोडून दिलं होतं. त्या रविवारी तीच ६३ कामं मी कागदावर फांद्या काढून मांडली: घर, ऑफिस, मुलगी, आरोग्य, कागदपत्रं. दोन तास लागले. शेवटी जे दिसलं त्यानं मी थक्क झाले. ‘कागदपत्रं’ या फांदीवर ११ कामं होती आणि ती सगळी एकाच गोष्टीपाशी अडली होती, पत्त्याचा नवा पुरावा. यादीत ही ११ कामं इतरांमध्ये विखुरलेली होती, त्यामुळे वर्षभर मला ती अकरा वेगवेगळी ओझी वाटत होती. खरं तर ओझं एकच होतं. दुसऱ्या दिवशी मी फक्त तेवढ्या पुराव्याचा अर्ज केला. हा अनुभव रोज मिळायला हवा, असं तेव्हा मनात आलं.

पहिले दोन आठवडे वाचनात गेले. ‘माइंड मॅप’ हे नाव आणि पद्धत टोनी बुझान यांनी लोकप्रिय केली, १९७४ मध्ये बीबीसीवर त्यांचा कार्यक्रम आला तेव्हापासून. त्याच दशकात अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवाक आणि त्यांचे सहकारी ‘कन्सेप्ट मॅप’ काढत होते. दोन्ही चित्रं वरवर सारखी दिसतात, पण सॉफ्टवेअर करायला बसलं की त्यांच्यातला फरक फार महत्त्वाचा ठरतो. माइंड मॅपमध्ये प्रत्येक गोष्ट एकाच फांदीला लटकलेली असते. कन्सेप्ट मॅपमध्ये कुठूनही कुठेही रेघ जाऊ शकते आणि त्या रेघेवर नातं लिहिलेलं असतं. मी पहिला प्रकार निवडला. एका कामाला एकच घर. दुसरा प्रकार विचार करायला जास्त समृद्ध आहे हे मला मान्य आहे, पण सकाळी घाईत बघायच्या चित्रात रेघांचं जाळं नको.

बुझान यांच्या पद्धतीत एका फांदीवर एकच शब्द लिहायचा असतो. आठवणीसाठी ते उत्तम आहे. कामांसाठी मात्र मला ते पुरेना. ‘नळ’ असं लिहिलं की आपल्याला काय करायचं आहे ते कळत नाही. ‘नळाचा वॉशर बदलणे’ लिहिलं की हात हलतो. म्हणून मी नियम ठरवला: फांदीवर नाम, टोकाला क्रियापद. टोकाचा नोड (नकाशातली प्रत्येक नोंद म्हणजे एक नोड) हेच काम, आणि फक्त त्यालाच पूर्ण झाल्याची खूण करता येईल. पुढच्या सगळ्या डिझाइनमध्ये हा नियम कामी आला. आणखी एक गोष्ट मी आधी घातली होती आणि नंतर काढली. जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा ‘सात, अधिक-उणे दोन’ हा प्रसिद्ध निबंध वाचून मी एका फांदीला सातच उपफांद्या अशी मर्यादा ठेवली होती. पण तो निबंध डोक्यात काही काळ धरून ठेवण्याच्या क्षमतेबद्दल आहे. डोळ्यांसमोर लिहिलेलं धरून ठेवावं लागत नाही. मर्यादा गेली आणि बरंच झालं.

फेब्रुवारीत एक ओळही कोड न लिहिता पाच जणांबरोबर कागदी चाचणी केली. चिकटचिठ्ठ्या, स्केचपेन आणि एक आयताकृती खिडकी कापलेला पुठ्ठा, म्हणजे फोनचा पडदा. प्रत्येकाला त्यांचीच खरी कामं आणायला सांगितली. हे जरूर करा. नमुन्याची खोटी कामं दिली की लोक शहाण्यासारखं वागतात. स्वतःची कामं समोर आली की खरे वागतात. आणि चाचणी चालू असताना गप्प बसा. मला ते फार जड गेलं.

चौथी माझी मावशी होती. निवृत्त झाली आहे, पण तिच्यामागे कामं माझ्यापेक्षा जास्त. तिनं चिठ्ठ्या भराभर लावल्या, फांद्याही नीट पाडल्या. मग हात मागे घेऊन चित्राकडे बघत राहिली.

“काय झालं मावशी?”

“अगं, पसरलंय छान. पण मी आत्ता उठून काय करू, ते सांग ना.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नकाशा कुठे काय आहे ते दाखवत होता, आणि दिवस तर ‘कधी’वर चालतो. त्या संध्याकाळी मी घाईनं एक उपाय काढला: मधल्या ‘मी’ला ‘आज’ नावाची एक खास फांदी जोडायची, सकाळी कामं ओढून तिथे आणायची. त्या उपायानं पुढे माझा सव्वा महिना खाल्ला. ते पुढे येतंच.

मार्चमध्ये कोड सुरू केला. चित्र ब्राउझरमधल्या एसव्हीजीनं (रेघा-आकार कोडमधून काढायच्या सोयीनं) काढायचं आणि नंतर तेच कपॅसिटर हे वेबचा कोड फोनवर चालवणारं साधन वापरून अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये बसवायचं असं ठरवलं. निव्वळ वेब अ‍ॅप पुरलं नसतं, कारण इंटरनेट बंद असताना ठरावीक वेळेला आठवण करून देणं ब्राउझरमधून भरवशानं होत नाही. फांद्या एकमेकींवर न चढता कशा मांडायच्या, हा प्रश्न आपण स्वतःच सोडवू म्हणून मी सहा रात्री झगडले. दरवेळी कुठेतरी दोन नोड एकमेकांवर बसत. सातव्या रात्री शोधल्यावर कळलं की हा प्रश्न १९८१ मध्येच राइनगोल्ड आणि टिलफर्ड यांनी सुबकपणे सोडवलेला आहे, आणि नोड वेगवेगळ्या आकारांचे असतील तर काय करायचं याचीही पद्धत २०१४ मध्ये व्हॅन डर प्लूग यांनी प्रसिद्ध केली आहे. त्या पद्धतीचं तयार ग्रंथालय (लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) मिळालं. दोन रात्रींत काम झालं. आधी शोधा, मग झगडा.

एक गोष्ट मात्र कुठल्याही तयार पद्धतीत नव्हती. नवं काम घातलं की अख्खं झाड नव्यानं मांडलं जायचं, आणि डाव्या बाजूची ‘आरोग्य’ फांदी समतोल साधण्यासाठी उजवीकडे उडी मारायची. दिसायला सुंदर, वापरायला त्रासदायक. आपण नकाशा जागेवरून ओळखतो. औषधं खाली डावीकडे आहेत हे हाताला ठाऊक असतं. मी आपोआप समतोल साधणं बंद केलं. फांदी कोणत्या बाजूला आणि कितव्या क्रमांकावर, हे वापरणाऱ्यानं एकदा ठरवायचं आणि अ‍ॅपनं त्याला हात लावायचा नाही. एक बाजू जड दिसली तर दिसू दे.

एप्रिलचे पहिले नऊ दिवस एकाच चुकीनं खाल्ले. अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं की मराठी नोड एकमेकांवर चढलेले असत. बंद करून परत उघडलं की सगळं व्यवस्थित. मांडणीच्या कोडमध्ये शोधशोध शोधलं. चूक तिथे नव्हतीच. नोडची रुंदी मोजली जात होती तेव्हा देवनागरी फॉन्ट अजून उतरलेला नसायचा, त्यामुळे माप दुसऱ्याच फॉन्टचं यायचं. दुसऱ्या वेळी फॉन्ट आधीच साठवलेला, म्हणून सगळं ठीक. फॉन्ट अ‍ॅपमध्येच बांधून टाकला, तो तयार झाल्याचा निरोप मिळेपर्यंत मोजमाप थांबवलं, आणि प्रश्न मिटला.

देवनागरीनं आणखी दोन गोष्टी शिकवल्या. लांब नाव कापून पुढे टिंबं द्यायची म्हणून मी अक्षरं मोजून कापत होते, आणि ‘दुरुस्ती’चं ‘दुरुस्…’ होऊन पाय मोडका स तसाच लोंबकळत राहिला. संगणकाच्या लेखी ‘दुरुस्ती’ ही ८ चिन्हं आहेत. आपल्या लेखी तीन अक्षरं. अक्षरगट ओळखणारी सोय ब्राउझरमध्ये आहे, पण जोडाक्षर अखंड मानायचा नियम युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांसाठीच्या संगणकीय मानकात) १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला, त्यामुळे जुन्या फोनवर तुकडे वेगळे पडतात. मी शेवटी अक्षरावर कापणंच सोडलं. शब्द संपतो तिथेच कापायचं, नाहीतर दुसरी ओळ घ्यायची. आणि ओळीची उंची अक्षराच्या १.६ पट ठेवली, कारण त्याहून कमीत ‘कार्डांची’मधला रफार आणि अनुस्वार वरून कापला जात होता. मराठीत काही बनवत असाल तर पहिल्या दिवसापासून चाचणीला मराठीच मजकूर वापरा. मी मार्चभर इंग्रजी शब्द टाकून बघत होते, म्हणून हे इतक्या उशिरा कळलं.

तोवर मी स्वतः अ‍ॅप रोज वापरायला लागले होते. २७ एप्रिलला, तीन आठवड्यांच्या वापरानंतर, ‘आज’ या फांदीवर २९ कामं साचली होती. सकाळी उत्साहानं ओढून आणायची, संध्याकाळी उरलेली तिथेच राहायची. म्हणजे ज्या यादीला कंटाळून मी हे सुरू केलं, तीच यादी आता एका फांदीच्या रूपात परत आली होती. त्याहून वाईट म्हणजे ‘आरोग्य’ फांदी रिकामी दिसत होती, जणू तिथे काही करायचं नाहीच. ‘रक्ततपासणीचा रिपोर्ट आणणे’ हे काम ‘आज’मध्ये येऊन पडलं होतं आणि त्याच्या शेजारचं ‘डॉक्टरांची वेळ घेणे’ मागे राहिलं होतं. रिपोर्टशिवाय वेळ घेऊन उपयोग नाही, हे ज्या शेजारामुळे कळायचं तो शेजारच मी मोडला होता.

त्या रात्री खूप निराश वाटलं. साडेतीन महिने झाले होते आणि पायाच चुकला होता. दोन दिवस संगणक उघडला नाही. तिसऱ्या दिवशी कपाटातला जानेवारीचा तो मूळ कागद काढून बघताना लक्षात आलं की त्या दिवशी मी एकही काम हलवलं नव्हतं. ज्या कामाला हात घालायचा होता त्याच्याभोवती फक्त पिवळ्या पेननं गोल केला होता.

‘आज’ ही जागाच नव्हे. तो उजेड आहे. काम आपल्या फांदीवरून कधीच हलत नाही. त्याला फक्त तारीख मिळते. सूर्याचं बटण दाबलं की आजची कामं आणि त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या फांद्या उजळतात, बाकीचा नकाशा आपल्या जागी मंद होतो. ज्यांना चित्र नको त्यांच्यासाठी हीच कामं सरळ यादीत, पण प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचा पत्ता: आरोग्य, तपासण्या. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं आणि शेजारही शाबूत राहिला. आतून बघाल तर बदल छोटा आहे. प्रत्येक नोडला एक ‘पालक’ (तो ज्याला लटकतो तो नोड) आणि एक ‘तारीख’. एसक्यूलाइटमध्ये, म्हणजे माहिती साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये, पालकांची साखळी वर चढत जाण्याची सोय २०१४ पासून आहेच. पण आधीचा कोड ‘हलवणे’ या कल्पनेवर उभा होता, तो पुन्हा लिहायला १६ दिवस गेले. तुम्ही असं काही करत असाल तर ‘कुठे’ आणि ‘कधी’ या दोन गोष्टी पहिल्या दिवशीच वेगळ्या ठेवा. इतकं एक जरी केलंत तरी माझ्यापेक्षा पाच आठवडे पुढे असाल.

यातूनच आणखी एक निर्णय झाला. रात्री उरलेली कामं आपोआप उद्यावर ढकलायची नाहीत. सकाळी अ‍ॅप एकेक काम पुढे करून विचारतं: आज, दुसऱ्या एखाद्या दिवशी, की तारीख काढून परत फांदीवर? हे थोडं कटकटीचं आहे आणि तसं असणं मला योग्य वाटतं. तरी चाचणीतल्या लोकांच्या आग्रहावरून ‘सगळी परत फांदीवर’ असं एक बटण दिलं. पूर्ण झालेली कामंही लगेच नाहीशी होत नाहीत. सुरुवातीला होत होती, तर नकाशाचा आकार दिवसभर बदलत राहायचा. आता ती रेघ मारून आठवडाभर तिथेच राहतात.

जून तारखांमध्ये गेला. दोन चुका सांगते. दिवसभराच्या कामाची तारीख मी जागतिक वेळेतल्या मध्यरात्रीच्या रूपात साठवत होते. फोनचा वेळपट्टा (टाइम झोन) पश्चिमेकडचा केला की १४ जूनचं काम १३ जूनला दिसू लागलं. ज्या कामाला वेळ नाही, त्याची तारीख साधी अक्षरांत साठवावी, वेळेत रूपांतर करूच नये. दुसरी चूक पुनरावृत्तीची. कॅलेंडरसाठीचं मानक, आरएफसी ५५४५, २००९ चं आहे आणि पुनरावृत्तीचे सगळे नियम त्यात आहेत, म्हणून मी तेच घेतलं. पण त्यात ‘दर महिन्याच्या ३१ तारखेला’ म्हटलं की ज्या महिन्यात ३१ नाही तो महिना सरळ वगळला जातो. हप्ता भरायचं काम एप्रिल आणि जूनमध्ये उगवलंच नाही तर? म्हणून ३१ निवडलं की अ‍ॅप आता विचारतं, ‘महिन्याचा शेवटचा दिवस म्हणायचं आहे का?’ त्यासाठी त्या मानकात उणे एक (महिन्याच्या शेवटून पहिला दिवस) अशी सोय आहे.

आठवणीच्या सूचनांनी धीर खचवला. माझ्या फोनवर वेळेवर यायच्या, चाचणी करणाऱ्या दोघांच्या फोनवर पंधरा-वीस मिनिटं उशिरा. अँड्रॉइड ६ पासून फोन न वापरता पडून असला की पार्श्वभूमीवरची कामं लांबवली जातात. अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवायला वापरणाऱ्याची परवानगी लागते, आणि १४ वर नव्यानं घेतलेल्या अ‍ॅपला अचूक वेळेच्या गजराची परवानगी आपसूक मिळत नाही. मी पहिल्याच पडद्यावर सगळ्या परवानग्या मागत होते आणि लोक नाकारत होते. आता एखाद्या कामाला पहिल्यांदा वेळ लावली जाते तेव्हाच, कारण सांगून, मागते. बहुतेक जण देतात.

जुलैत ऑफिसमधल्या एका सहकाऱ्यानं त्याच्या मैत्रिणीशी गाठ घालून दिली. त्यांना दिसत नाही. फोन टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, वापरतात. त्यांनी नकाशा उघडला आणि टॉकबॅक सगळ्या नोडची नावं एकामागून एक वाचत सुटला. कोण कुणाखाली, काहीच कळेना. त्या शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, मला चित्र नकोय. आत किती आहेत आणि मी कुठे आहे, एवढं सांगा.”

मी वेबच्या सुलभता मानकांतली झाडाची रचना वापरली: प्रत्येक नोडबरोबर त्याचा स्तर, उघडा की मिटलेला, आणि किती भावंडांपैकी कितवा. शिवाय २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुलभता मानकात असा निकष आहे की जे ओढून करता येतं ते न ओढताही करता आलं पाहिजे. त्यासाठी ‘उचल’ आणि ‘इथे ठेव’ अशी दोन बटणं आली, बोट चुकू नये म्हणून मोठी. दोन आठवड्यांनी त्यांनी ‘ऑफिस’खालची एक उपफांदी ‘घर’खाली नेली, माझ्यापेक्षा भरभर. आणि ज्या बटणांचा मी फक्त त्यांच्यासाठी विचार केला होता, ती मावशीही वापरू लागली. तिचा हात थरथरतो, ओढताना नोड भलतीकडेच पडायचा. हे तिनं मला फेब्रुवारीपासून एकदाही सांगितलं नव्हतं.

दोन फोनवर एकच नकाशा चालावा, हा जुलैचा दुसरा प्रयत्न. तो मी सोडला. एका फोनवर ‘प्रवास’ फांदी ‘सुट्टी’खाली नेली, दुसऱ्यावर त्याच वेळी ‘सुट्टी’ला ‘प्रवास’खाली नेलं, आणि दोन्ही जुळवल्यावर त्या दोन फांद्या एकमेकींना लटकून झाडापासून तुटल्या. पडद्यावरून गायब. मार्टिन क्लेपमान आणि सहकाऱ्यांचा २०२१ चा शोधनिबंध नेमक्या याच प्रश्नावर आहे: सगळ्या हालचाली एका ठरावीक क्रमानं लावायच्या आणि ज्या हालचालीनं वर्तुळ होईल ती सोडून द्यायची. मला तो समजायला तीन आठवडे लागले. नीट जमेपर्यंत लोकांच्या कामांशी खेळ नको म्हणून पहिल्या आवृत्तीत फक्त फाइल काढणं आणि घेणं ठेवलं, ओपीएमएल आणि फ्रीमाइंड या, इतर माइंड मॅप साधनांनाही वाचता येणाऱ्या, दोन स्वरूपांत.

ऑगस्टपासूनची वाट कागदपत्रांची. आयफोनसाठीचं सभासदत्व वर्षाला ९९ डॉलर आहे; मी सध्या ते बाजूला ठेवलं. गूगल प्लेवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर. त्यासोबत ओळखपत्राची पडताळणी, फोन नंबरची पडताळणी, आणि आपल्याकडे खरा अँड्रॉइड फोन आहे हे त्यांच्या अ‍ॅपवरून दाखवणं. वैयक्तिक खात्यावर आपलं कायदेशीर नाव, देश आणि ईमेल लोकांना दिसतो, तेव्हा या कामासाठी वेगळा ईमेल आधीच काढून ठेवा. ओळखपत्रावरचं नाव आणि खात्यावरचं नाव अक्षरन्‌ अक्षर जुळू द्या.

मग साहित्य: ५१२ बाय ५१२ चं चिन्ह, १०२४ बाय ५०० चं शीर्षचित्र, पडद्यांची चित्रं, वयोगटाची प्रश्नावली, आणि गोपनीयता धोरणाचं पान, जे अ‍ॅप काहीही गोळा करत नसलं तरी लागतंच. माहिती सुरक्षेचा अर्ज मी ‘काहीच गोळा करत नाही’ असा भरला. पाठवण्याआधी पुन्हा वाचताना आठवलं की अ‍ॅप बंद पडलं तर कळावं म्हणून मी एक तयार ग्रंथालय जोडलं होतं, आणि ते माहिती बाहेर पाठवतं. ते काढून टाकलं, मगच सही केली. तुमच्या अ‍ॅपमध्ये दुसऱ्यांचं काय काय आहे याची यादी करूनच हा अर्ज भरा. सहीची किल्ली (पुढच्या आवृत्त्या आपल्याच आहेत हे सिद्ध करणारी फाइल) दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा, पासवर्डसकट.

नव्या वैयक्तिक खात्याला आणखी एक अट आहे. सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस बंदिस्त चाचणीत राहावं लागतं. मी १७ जण गोळा केले आणि तेच शहाणपण ठरलं. एका चुलतभावानं आमंत्रण ऑफिसच्या खात्यावरून स्वीकारलं, फोनवर मात्र वेगळं खातं, तो धरलाच गेला नाही. नवव्या दिवशी दोघं बाहेर पडले. चाचणी २४ ऑगस्टला सुरू झाली, ७ सप्टेंबरला पूर्ण झाली. त्यातच ३१ ऑगस्टपासून नव्या अ‍ॅपनं अँड्रॉइड १५ ला धरून असणं बंधनकारक झालं. मी ते बदललं आणि खालची बटणांची पट्टी फोनच्या स्वतःच्या पट्टीखाली गेली, कारण त्या आवृत्तीत अ‍ॅप पडद्याच्या कडेपर्यंत पसरतं. सुरक्षित अंतर सोडायला एक रात्र लागली. हे चाचणीआधीच करायला हवं होतं.

चाचणीनंतर सगळ्यांसाठी खुलं करायची परवानगी मागताना अर्जात विचारतात: चाचणीला लोक कसे मिळवले, त्यांनी काय सांगितलं, तुम्ही काय बदललं. ८ सप्टेंबरला दमलेल्या अवस्थेत मी एकेका ओळीत उत्तरं दिली. पाच दिवसांनी आणखी चाचणी करा असं उत्तर आलं. रडू आलं, खरंच. पण माझीच उत्तरं परत वाचली तेव्हा त्यात काहीच नव्हतं. सात महिने लोकांबरोबर बसून केलेलं काम मी चार ओळींत उरकलं होतं. पुढचे १४ दिवस रोज एकाला फोन केला आणि तो काय म्हणाला ते तारखेसह लिहून ठेवलं. सकाळच्या प्रश्नांसाठीचं ‘सगळी परत फांदीवर’ हे बटण त्याच दिवसांतलं. २९ सप्टेंबरच्या अर्जात हे सगळं लिहिलं. ६ ऑक्टोबरला होकार आला. वहीत रोज टिपणं काढा, पहिल्या दिवसापासून; अर्जाच्या वेळी ती शोधावी लागत नाहीत.

नंतरचे दोन आठवडे मी मुद्दाम थांबले. शब्द तपासले, फाइल काढून परत घेतल्यावर एकही नोड हरवत नाही ना ते पाहिलं, आणि १९ तारखेला बटण दाबलं. त्या दिवशी विशेष काही घडलं नाही. संध्याकाळी मावशीचा फोन आला. चाचणीच्या अ‍ॅपमधला नकाशा नव्यामध्ये कसा न्यायचा, हे तिला हवं होतं. फाइल काढायचं बटण कुठे आहे ते मी फोनवर सांगू लागले, तर म्हणाली, “ते सापडलं गं. पण घेतल्यावर माझं ‘बाग’ उजवीकडे गेलंय. ते मी डावीकडे ठेवलं होतं.”

बाजू फाइलमध्ये लिहायची राहिलीच होती. ते काम ‘अ‍ॅप’ फांदीवर, ‘फाइल’ या उपफांदीखाली नोंदवलं आणि त्याला दुसऱ्या दिवशीची तारीख दिली.